वीजदर, घरगुती (कागल तालुका)
दूधगंगा व वेदगंगा यांच्या काठांवरील कागल तालुक्यात (जि. कोल्हापूर) उसाला पाणी देणारे पंप आणि घरांतील दिवे वेगवेगळ्या दरांनी चालतात. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाल्यावर येथील वितरण महावितरण कंपनीकडे आले. दर राज्याचा विद्युत् नियामक आयोग ठरवितो; तालुक्याचा निराळा दर नसतो.

घरगुती दर टप्प्यांनी चढतो. दरमहा १०० युनिटांपर्यंत (युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास) तो सर्वांत कमी असून त्यापुढे ३०० व ५०० युनिटांवर वाढतो. चढा दर फक्त मर्यादेपलीकडील युनिटांना लागतो. देयकात स्थिर आकार, वहन आकार व विद्युत् शुल्कही असते.

टप्पे व्यक्तींवर नव्हे, मीटरवर मोजले जातात. त्यामुळे एकत्र कुटुंबाची काहीशी गैरसोय होते. दोन चुलींच्या घराचा एकाच मीटरवर १८० युनिट वापर झाल्यास ८० युनिटांना वरचा दर पडतो. प्रत्येकी ९० युनिटांचे दोन मीटर असल्यास सर्व वीज खालच्या दराने मिळते, मात्र स्थिर आकार दोनदा भरावा लागतो. याउलट मीटर नसलेल्या कृषिपंपांची आकारणी अश्वशक्तीवर होत असल्याने त्यांचा वापर अंदाजानेच धरावा लागतो.