आगगाड्यांचे दुकानदार

१९०० च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या जोशुआ लायोनेल कोवेन या तरुणाने एका दुकानाच्या दर्शनी काचेमागे रुळांचं कडं मांडलं आणि त्यावर विजेची मोटर बसवलेली एक उघडी वाघीण फिरत ठेवली. वाघिणीतल्या मालाकडे रस्त्यावरच्या लोकांचं लक्ष जावं, एवढाच हेतू. लोक आत आले ते वाघीणच विकत मागायला. पुढे अमेरिकेतल्या घराघरांत नाताळच्या झाडाखाली ‘लायोनेल’ची गाडी फिरू लागली, तिची सुरुवात अशी दुकानाच्या काचेत झाली. छोट्या आगगाड्यांच्या छंदाचा इतिहास सांगताना कारखानदारांची नावं घेतात. माझ्या मते मात्र हा छंद वाढवला तो दुकानदारांनी.

१९८० नंतरच्या काळात नोकरीच्या निमित्ताने मी तीन वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरणगावात राहिलो. बसथांब्यासमोर छोट्या आगगाड्यांचं एक दुकान होतं. दार उघडलं की घंटा वाजायची. आत तीन माणसं उभी असली तर चौथ्याने बाहेर थांबायचं. छतापर्यंत खोकी, यंत्राच्या तेलाचा आणि तापलेल्या मोटरचा वास, काउंटरच्या कडेला हातभर लांबीचे रूळ ठोकलेले. विकलेलं प्रत्येक इंजिन त्या रुळांवर पुढे-मागे चालवून दाखवल्याशिवाय म्हातारा दुकानदार ते खोक्यात घालत नसे. नवं इंजिन असो की कुणी मोडीत काढलेलं जुनं, रीत तीच.

मी घरी टेबलावर रूळ मांडले होते. गाडी गावाबाहेर जाऊन मोठं वळण घेऊन त्याच मार्गाने परत यावी, अशी रचना केली. शेवटचा तुकडा जोडला आणि रुळांना वीज पुरवणारा कंट्रोलर बंद पडला. तो बिघडला असं समजून मी त्याच्यासकट दुकान गाठलं. म्हाताऱ्याने कंट्रोलरकडे पाहिलंसुद्धा नाही. रूळ कसे मांडलेत ते विचारलं, जुन्या बिलाच्या मागे माझी रचना काढली, एक रूळ तांबड्या पेन्सिलीने, दुसरा निळ्या, आणि मला गाडीच्या वाटेने बोट फिरवायला सांगितलं. वळण पूर्ण झालं तिथे तांबडी रेघ निळीला येऊन चिकटली. एका रुळातून वीज येते, दुसऱ्यातून जाते. गाडी फिरून त्याच मार्गावर आली की दोन्ही एकमेकांना भिडतात आणि शॉर्ट सर्किट होतं. मग त्याने प्लॅस्टिकचे चार रूळजोड आणि एक बटण दिलं. वळणाचा भाग दोन्ही बाजूंनी विजेपासून तोडायचा आणि गाडी त्यावर असताना बटणाने दिशा बदलायची. घेतले किरकोळ पैसे. नवा कंट्रोलर गळ्यात मारणं त्याला सहज शक्य होतं. मी अभियांत्रिकीची पदवी घेतलेला माणूस, पण विजेचं मंडल डोळ्यांपुढे धरायला मला त्या बिलाच्या पाठीने शिकवलं.

अशा दुकानदाराला काय काय ठाऊक असावं लागे, याची बाहेरच्या माणसाला कल्पना येत नाही. कुठल्या कंपनीचा डबा कुठल्या कंपनीच्या कपलिंगला अडकतो, कुठलं लांब इंजिन अरुंद वळणावर रूळ सोडतं, मोटरचा कार्बन ब्रश झिजला की नुसती चाकं मळलीत, तेल टाचणीच्या टोकाने एक थेंबच का घालायचं. शिवाय मापांचा घोळ. ब्रिटिश इंजिनं अमेरिकी आणि युरोपीय इंजिनांहून अंगाने बारीक. १:८७ या प्रमाणात त्यांची प्रतिकृती केली तर त्या काळची मोटर आत मावेना. म्हणून ब्रिटिशांनी गाडी १:७६ या प्रमाणात मोठी केली आणि रूळ मात्र १:८७ चेच, १६.५ मिलिमीटरचे ठेवले. फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या कंपनीने १९३८ मध्ये ‘हॉर्नबी डब्लो’ ही मालिका याच मापात आणली. गाडीला शोभणारे रूळ खरं तर १८.८३ मिलिमीटरचे हवेत. ब्रिटनमधल्या बहुतेक छंदिष्टांच्या घरांत आजही हीच तडजोड धावते, आणि नवख्याला ती समजावून सांगणारा माणूस काउंटरमागे उभा असे.

या मंडळींचा मेरुमणी म्हणजे नॉर्दम्प्टनचा डब्ल्यू. जे. बॅसेट-लोक. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीची कारागिरी पाहिली आणि तिच्याकडून ब्रिटिश रेल्वेच्या रंगरूपाची इंजिनं करून घेतली. आराखडे हेन्री ग्रीनली या अभियंत्याचे, घडण जर्मन, विक्री बॅसेट-लोकची. गिऱ्हाइकाला खेळणं नको, आपल्या गावच्या स्टेशनात येणारं इंजिन हवंय, हे त्याने बरोबर ओळखलं. १९०८ मध्ये त्याने लंडनला हाय होबर्नवर दुकान थाटलं. नजर एवढी चोखंदळ की नॉर्दम्प्टनच्या डर्नगेटमधलं आपलं घर त्याने चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या वास्तुविशारदाकडून सजवून घेतलं. ते घर आता संग्रहालय म्हणून पाहता येतं. दुकान मात्र १९६० नंतरच्या दशकात बीटीज या दुसऱ्या विक्रेत्याकडे गेलं, पुढे बीटीजची काही दुकानं मॉडेलझोनकडे आली आणि २०१३ मध्ये मॉडेलझोनही बंद पडलं.

लंडनच्या सेसिल कोर्ट या जुन्या पुस्तकांच्या गल्लीत हॅम्ब्लिंग्जचं दुकान होतं, स्वतः गाडी घडवणाऱ्यांना चाकं आणि सुटे भाग पुरवणारं. ‘डब्ल्यू अँड एच’ या आणखी एका दुकानाच्या नावातला ‘एच’ होल्त्झाफेलचा. नक्षीकामाच्या लेथसाठी विख्यात असलेलं हे घराणं. लेथवाल्यांचं नाव आगगाड्यांच्या दुकानावर यावं यात मला नवल वाटत नाही. दोन्हीकडे गिऱ्हाईक एकच, संध्याकाळी हाताला काम हवं असणारा माणूस.

जर्मनीत म्यार्कलिन कंपनीने १८९१ च्या लाइपझिग जत्रेत इंग्रजी आठाच्या आकाराचा रूळमार्ग मांडला. त्यांच्या पुढच्या विजेच्या गाड्या मधल्या तिसऱ्या स्पर्शबिंदूतून वीज घेतात, त्यामुळे माझ्यासारखी चूक म्यार्कलिनवाल्याच्या हातून होतच नाही. टोकियोत गिन्झामधलं तेन्शोदो हे घड्याळ-दागिन्यांचं जुनं दुकान, १८७९ पासूनचं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने त्याच छताखाली आगगाड्या विकायला सुरुवात केली. घड्याळजीच्या चिमट्याला दोन्ही कामं सारखीच जमतात, हे कारण मला पटतं.

अमेरिकेत सगळंच ऐसपैस. डेन्व्हरचं कबूस हॉबीज १९३८ चं, जगातलं सर्वांत मोठं आगगाड्यांचं दुकान म्हणवून घेणारं. कॅलिफोर्नियात कल्व्हर सिटीच्या अलाइड मॉडेल ट्रेन्सने तर आपली इमारतच लॉस एंजलिसच्या युनियन स्टेशनासारखी बांधून घेतली होती. कबूस २०१६ मध्ये बंद झालं आणि नंतर शेजारच्या लेकवुडमध्ये छोट्या रूपात पुन्हा उघडलं, त्याच गिऱ्हाइकांच्या ओढीने.

ही दुकानं मिटली कशी? इंटरनेटवर सगळं खापर फोडणं सोपं आहे, पण ते अर्धसत्य. ब्रिटनमध्ये १९६४ च्या कायद्याने मालाची किंमत बांधून देण्याचा उत्पादकाचा हक्क बहुतांशी काढून घेतला. तोवर इंजिन कुठेही घ्या, भाव एकच, म्हणून माणूस जिथे सल्ला मिळेल तिथे जाई. नंतर मासिकांत पानपानभर जाहिराती देऊन टपालाने स्वस्तात माल धाडणारे आले. लोक सल्ला गल्लीतल्या दुकानात घेत आणि खरेदी टपालाने करत. मीही एकदा तसं केलं आहे, आणि त्याची खंत मला आजही आहे. मग उत्पादन चीनला गेलं. एकेका इंजिनाची मोजकी खेप निघू लागली, आगाऊ मागणी नोंदवा नाहीतर विसरा. दुकानदाराने फळीवर ठेवायचं काय? पोरंही गादी चालवायला तयार नव्हती. लिव्हरपूलच्या स्मिथडाउन रोडवर नॉर्मन हॅटन यांनी १९४६ मध्ये सुरू केलेलं हॅटन्स हे टपालाच्या आणि इंटरनेटच्या दोन्ही युगांत तरलेलं मोठं नाव. जानेवारी २०२४ मध्ये त्यानेही धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. इंटरनेटवर पाय रोवलेल्या दुकानालाही हा भार पेलला नाही.

आणि आपल्याकडे? आशियातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला धावली. नेरळहून माथेरानला १९०७ पासून अवघ्या दोन फुटी रुळांवर गाडी चढते. असल्या प्रदेशात गल्लोगल्ली हा छंद दिसायला हवा होता. पण ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवरची बंधनं २००१ पर्यंत टिकून होती. परदेशातून कुणी बॅगेत घालून आणली तर गाडी, एरवी नाही. तिचा एक ब्रश झिजला की ती कपाटात शोभेला. दुकान नव्हतं म्हणून दुरुस्ती नव्हती, आणि बिलाच्या पाठीवर चित्र काढून देणाराही कुणी नव्हता. त्यात आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. १:८७ या प्रमाणात तिला १९ मिलिमीटरहून जास्त रुंद रूळ हवेत, बाजारात मिळतात १६.५ चे. आपली डेक्कन क्वीन घरात हवी असेल तर एकतर रुंदीत तडजोड करा, नाहीतर रूळ स्वतः घडवा.

म्हणूनच पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी जे उभं केलं त्याची थोरवी मला फार वाटते. १ एप्रिल १९९८ ला खुलं झालेलं त्यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय म्हणजे एक अख्खं गाव आहे: सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, आणि या सगळ्यांतून वेळापत्रकाने धावणाऱ्या गाड्या. लिव्हरपूलच्या छंदिष्टाच्या मागे दुकानदारांच्या दोन-तीन पिढ्या उभ्या होत्या. जोशींच्या शहरात तसं एकही दुकान नव्हतं. तरी त्यांनी हे केलं आणि घराच्या माडीवर न ठेवता लोकांना दाखवलं. महाराष्ट्रात या छंदाचं काउंटर जर कुठे असेल तर ते इथेच, हे मी खात्रीने म्हणतो.

माझा तो म्हातारा दुकानदार गेल्याला बरीच वर्षं झाली, त्या जागी आता केस कापण्याचं दुकान आहे. त्याने तांबड्या-निळ्या पेन्सिलीने काढलेलं बिल माझ्या टेबलाच्या खणात अजून आहे. तुमचं कुणी लंडन-टोकियोकडे जाणार असेल तर अशा दुकानात शिरायला सांगा, आणि निदान रूळजोडांची एक पुडी तरी काउंटरवर पैसे मोजून घ्यायला सांगा. इथे असाल तर दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन कोथरूडला जा. वेळ आधी विचारून घ्या. गाड्या थांबल्या की लगेच उठू नका, ही गाडी चालते कशी, ते तिथल्या माणसाला मुलांना विचारू द्या.