कृमिजग्ध अगरू : बुरशीने घडविलेले औषध

निघंटूंत अगरूच्या पर्यायनामांत 'कृमिज' व 'कृमिजग्ध' ही नावे आढळतात. ती किती सार्थ आहेत, हे आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

आसामात 'सांची' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अक्विलेरिया मलॅक्सेन्सिस या वृक्षाचे निरोगी काष्ठ फिकट, हलके व जवळजवळ गंधहीन असते. झ्यूझेरा पतंगाची अळी खोड पोखरते आणि त्या वाटेने फ्युजेरियमसारख्या बुरशी आत शिरतात. काही बुरशी तर निरोगी खोडातही सुप्तावस्थेत असतात. जखम व बुरशी यांच्या प्रतिकारार्थ वृक्ष सेस्क्विटर्पीन व क्रोमोन वर्गातील द्रव्ये निर्माण करतो. ती वर्षानुवर्षे साचून काष्ठ काळसर, जड व सुगंधी होते. हेच औषधी अगरू होय.

चरकोक्त शीतप्रशमन गणातील या द्रव्याऐवजी निरोगी झाडाचा भुसा वापरल्यास रुग्णास केवळ लाकूड मिळते. तेल वा रंग लावलेले तुकडेही बाजारात येतात. म्हणून औषधनिर्मात्यांनी चूर्णाऐवजी तुकडे घ्यावेत आणि ते फोडून आतील रंग व जाळल्यावरचा गंध पाहावा. उत्तम प्रत पाण्यात बुडते.

राळ असलेले झाड बाहेरून खात्रीने ओळखता येत नसल्याने निष्फळ झाडेही तोडली गेली. १९९५ पासून ही जाती साइट्स कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. म्हणून लागवडीतील, बुरशी टोचून तयार केलेल्या अगरूस वैद्यांनी प्राधान्य द्यावे, असे आम्ही सुचवितो.