कोणापैकी किती?

जून लागला की वाशीम जिल्ह्यातल्या घराघरांत सोयाबीनचं एक पोतं उसवलं जातं. त्यातून मोजून शंभर दाणे काढतात, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडतात आणि गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवतात. रोज त्यावर पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडून चांगले कोंब फुटलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले, तर घरचं बियाणं पेरायला हरकत नाही. कृषी सहायक दरवर्षी गावोगाव हेच सांगत फिरतात, कारण पेरलेलं उगवलं नाही तर दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर येतो.

आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याने एकदा दोन गोणपाटं केली. एकात बीजप्रक्रिया केलेले, म्हणजे दवाई लावलेले, शंभर दाणे, दुसऱ्यात तसेच कोरडे शंभर. पहिल्यातले ८० उगवले, दुसऱ्यातले ७०. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलेलं, म्हणून ते संध्याकाळी माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, दहा दाने जास्त निघाले. हा दवाईचाच गुन म्हनावं का?"

मी लगेच हो म्हटलं नाही. कागद घेतला आणि त्यावर एक आडवी, एक उभी रेघ मारली. चार घरं झाली. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्या चार घरांत आहे, पण तिथपर्यंत पोचायला मी आधी दुसरंच कोष्टक घेतो. ते आपल्या सगळ्या जिल्ह्याचं आहे.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० भरली. त्यात ६,२०,३०२ पुरुष आणि ५,७६,८५८ स्त्रिया. सात वर्षं आणि त्यावरच्या लोकांत साक्षरता ८३.२५ टक्के होती, पुरुषांत ९०.५५, स्त्रियांत ७५.४८. हे आकडे भाषणांत, अहवालांत, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत सुटे-सुटे येतात. पाठ होतात आणि तिथेच थांबतात. त्यांना एका चौकटीत बसवलं की ते बोलू लागतात.

या टक्केवाऱ्यांवरून सात वर्षांवरच्या हजार माणसांचा हिशेब मांडला, अपूर्णांक सोडले, तर कोष्टक असं होतं:

| | साक्षर | निरक्षर | एकूण |
|---|---|---|---|
| पुरुष | ४६७ | ४९ | ५१६ |
| स्त्रिया | ३६५ | ११९ | ४८४ |
| एकूण | ८३२ | १६८ | १००० |

आता या हजारांच्या नावाच्या चिठ्ठ्या एका हंड्यात टाका आणि न बघता एक उचला. ती निरक्षर स्त्रीची असण्याची संभाव्यता हजारात ११९, म्हणजे जवळजवळ १२ टक्के. हे चौकटीच्या आतलं घर. ती कोणाही निरक्षराची असण्याची संभाव्यता हजारात १६८. हे चौकटीच्या काठावरचं घर. इथे बाई की पुरुष हे आपण विचारतच नाही.

खरी गंमत तिसऱ्या प्रकारात आहे. समजा चिठ्ठी उचलणाऱ्याने एवढंच सांगितलं की ही बाईची आहे. आता हजार माणसं विसरायची. ४८४च्या ओळीत शिरायचं आणि विचारायचं: यातल्या निरक्षर किती? ११९ भागिले ४८४, म्हणजे साधारण २५ टक्के. उलट, त्याने सांगितलं की ही चिठ्ठी निरक्षराची आहे, तर आपण १६८च्या स्तंभात उतरतो आणि विचारतो: यातल्या बाया किती? ११९ भागिले १६८, म्हणजे ७१ टक्के. वरचा आकडा दोन्ही वेळा ११९च आहे. बदलला तो खालचा. जिल्ह्यातली दर चौथी बाई निरक्षर, आणि जिल्ह्यातल्या दर दहा निरक्षरांत सात बाया, ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण ती एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. पाठ्यपुस्तकात याला सशर्त संभाव्यता म्हणतात. मी वर्गात हे नाव शेवटी सांगायचो. आधी मुलांना एकच सवय लावायचो: टक्के दिसले की विचारा, कोणापैकी? साक्षरता वर्गाला कोण येणार हे ठरवायचं असेल तर ७१ टक्क्यांचा आकडा कामाचा. गावात फिरून बायांना फॉर्म भरायला किती मदत लागेल हे ठरवायचं असेल तर २५चा.

आता स्वातंत्र्याकडे येतो. संख्याशास्त्रात दोन गोष्टी स्वतंत्र आहेत असं कधी म्हणायचं? एकीची माहिती मिळाल्याने दुसरीबद्दलचा आपला अंदाज तसूभरही हलला नाही तर. चिठ्ठी बाईची आहे हे कळण्याआधी निरक्षरतेची संभाव्यता १६.८ टक्के होती, कळल्यावर सुमारे २५ झाली. अंदाज हलला. म्हणजे वाशीमला २०११ साली बाई असणं आणि वाचता येणं या गोष्टी स्वतंत्र नव्हत्या.

किती नव्हत्या, तेही काढता येतं. दोन्हींचा काही संबंध नसता तर ११९च्या घरात काय आलं असतं? काठावरच्या दोन बेरजांचा गुणाकार करा, एकूण संख्येने भागा: ४८४ गुणिले १६८ भागिले १०००, म्हणजे ८१. प्रत्यक्षात ११९. हजारामागे ३८ बाया जास्तीच्या. हा ३८चा आकडा माझ्या मनात कायमचा बसला आहे. शाळेत न गेलेल्या सगळ्या बायांचा हिशेब त्यात नाही. मुलगा-मुलगी हा भेद नसता तरी ८१ जणी गरिबीमुळे, शाळा लांब असल्यामुळे राहिल्याच असत्या. या ३८ जणी त्यांच्यावरच्या. त्यांच्या जागी ३८ पुरुष साक्षर झाले, कारण काठावरच्या बेरजा तेवढ्याच राहिल्या. एका घरात जेवढे वाढतात, तेवढेच शेजारच्या घरात कमी होतात.

संबंध आहे एवढं कोष्टक सांगतं, तो का आहे ते सांगत नाही. साठीच्या आजी आणि दहा वर्षांची नात एकाच ओळीत मोजल्या की आजीच्या काळातला अन्याय नातीच्या खात्यावर दिसतो. म्हणून जनगणनेच्या तक्त्यांत वय, लिंग आणि शिक्षण एकत्र मांडलेलं असतं. एका कोष्टकाची वयागणिक अनेक कोष्टकं होतात. थोरांच्या ओळीत फरक मोठा आणि पोरींच्या ओळीत नाहीसा झालेला दिसला, तर उपाय वेगळा करावा लागतो. २०१८ साली देशातले आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेले, जिल्हे निवडले गेले, त्यात महाराष्ट्रातले नंदुरबार, उस्मानाबाद, गडचिरोली आणि वाशीम असे चार होते. अशा जिल्ह्यासाठी शेवटची जनगणना २०११ची असणं ही मोठी उणीव आहे. २०२१ची झाली नाही. नवीन गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तो आकडा आला की मी आधी निरक्षर बायांच्या त्या घराकडे बघणार.

आता गोणपाटाकडे. जनगणनेत सगळी माणसं मोजलेली असतात. ८१ आणि ११९मधला फरक योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. शेजाऱ्यांनी मात्र पोत्यातले दोनशेच दाणे बघितले होते. तेच पोतं पुन्हा मोजलं तर आकडे थोडे इकडे-तिकडे होणारच. तर दहा दाण्यांचा फरक दवाईचा की मुठीचा?

याचं उत्तर देणारी रीत कार्ल पियर्सन यांनी १९०० साली मांडली. तिला काय-स्क्वेअर चाचणी म्हणतात. दवाईचा काहीच गुण नाही असं आधी धरायचं. एकूण २०० दाण्यांत १५० उगवले, तर प्रत्येक गोणपाटात ७५ उगवायला हवे आणि २५ राहायला हवे. प्रत्यक्षात चारही घरांत फरक ५चा. फरकाचा वर्ग २५. तो त्या-त्या घराच्या अपेक्षित आकड्याने भागायचा आणि चारही बेरजेत घ्यायचे: २५ भागिले ७५ दोनदा, २५ भागिले २५ दोनदा. एकूण २.६७. चार घरांच्या कोष्टकासाठी रेघ ३.८४वर असते, संबंध नसताना निव्वळ योगायोगाने त्यापेक्षा मोठा आकडा शंभरात पाचच वेळा येतो. २.६७ त्या रेघेच्या अलीकडे राहिला. म्हणजे दवाईला गुण नाही असं ठरलं नाही; एवढ्या दाण्यांवरून तो आहे असं म्हणता येत नाही, इतकंच ठरलं.

ते जरा हिरमुसले. मी म्हटलं, काका, हेच प्रमाण दुप्पट दाण्यांत निघालं, दोनशेत १६० आणि दोनशेत १४०, तर हाच हिशेब ५.३३वर जातो. रेघ ओलांडतो. टक्के तेच, ८० आणि ७०, पण निर्णय बदलतो. म्हणून नुसते टक्के छापणाऱ्या जाहिरातीवर माझा विश्वास बसत नाही. किती दाण्यांवरून ते काढले, हे आधी सांगावं.

ही विद्या आपल्याकडे परकी राहिलेली नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला शिकले, तेव्हा त्यांच्या शिक्षकांत कार्ल पियर्सन यांचे चिरंजीव इगॉन होते. परत आल्यावर सुखात्म्यांनी पीक कापणी प्रयोगांना शास्त्रशुद्ध नमुना निवडीची बैठक दिली. व्ही. जी. पानसे आणि त्यांनी मिळून शेती संशोधकांसाठी लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ साली निघालं आणि कृषी पदवीधरांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. आज पीक विम्याच्या वेळी गावात शेताचा तुकडा आखून सोयाबीन कापून तोलतात, त्यामागे त्याच विचाराचा धागा आहे.

शेजाऱ्यांना मी आणखी एक गोष्ट सांगितली: एक गोणपाट ओसरीत आणि दुसरं चुलीजवळ ठेवू नका, नाहीतर दवाईच्या नावावर ऊब मोजली जाईल. पुढच्या आठवड्यात त्यांच्या ओसरीत चार गुंडाळ्या एका रांगेत ठेवलेल्या दिसल्या, प्रत्येकीत शंभर दाणे. एक सोडून एक अशा दोन गुंडाळ्यांना लाल दोरा बांधला होता.