अभियांत्रिकी संशोधकाची शैक्षणिक जडणघडण : डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
पदवी म्हणजे नोकरी आणि पीएच.डी. म्हणजे पदोन्नतीची अर्हता, असे समीकरण आज रूढ झालेले दिसते. त्यामुळे पदवी, पीएच.डी. आणि पीएच.डी.-उत्तर संशोधन या टप्प्यांतील गुणात्मक फरक दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात रसायन अभियंते डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या वाटचालीच्या आधारे हा फरक स्पष्ट केला आहे.

१. पदवी : ज्ञानाची पायाभरणी
माशेलकरांचा जन्म १९४३ साली गोव्यातील माशेल येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. आईने मुंबईत कष्टाची कामे करून त्यांना शिकविले. शालान्त परीक्षेनंतर शिक्षण खंडित होण्याची वेळ आली असता सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या दरमहा ६० रुपयांच्या शिष्यवृत्तीने ते पुढे चालू राहिले. १९६६ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून, म्हणजेच यू.डी.सी.टी.मधून, रसायन अभियांत्रिकीची पदवी संपादन केली. या टप्प्यावर विद्यार्थी सिद्ध झालेले नियम आत्मसात करतो. प्रश्न आणि उत्तर दोन्ही त्याच्यापूर्वीच ठरलेले असतात.

२. पीएच.डी. : प्रश्न तडीस नेण्याची शिस्त
केंब्रिजहून परतलेले प्रा. मनमोहन शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली माशेलकरांनी त्याच विभागातून १९६९ साली पीएच.डी. मिळविली. द्रवाने भरलेल्या स्तंभात खालून वायूचे बुडबुडे सोडल्यास वायूतील घटक द्रवात किती वेगाने शोषला जातो, हा त्यांच्या त्या काळातील अभ्यासाचा एक विषय होता. अनेक रासायनिक कारखान्यांतील संयंत्रांची रचना या वेगावर अवलंबून असते. येथे उत्तर अज्ञात असते. मात्र प्रश्नाची दिशा बहुधा मार्गदर्शकाच्या परंपरेतून येते.

३. पीएच.डी.-उत्तर संशोधन : स्वतंत्र दिशेचा शोध
त्यानंतर माशेलकर इंग्लंडमधील सॅलफर्ड विद्यापीठात संशोधनासाठी गेले व पुढे तेथेच अध्यापक झाले. तेथे त्यांनी बहुवारिकांच्या, म्हणजे पॉलिमरच्या, द्रावणांच्या प्रवाहाचा अभ्यास केला. पाण्याचा दाटपणा ढवळण्याच्या वेगाने बदलत नाही. या द्रावणांचा मात्र बदलतो. साहजिकच नेहमीची सूत्रे येथे अपुरी पडतात. वायू-द्रव शोषणाकडून बहुवारिकांकडे झालेले हे विषयांतर निर्णायक ठरले. १९७६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजू झाल्यावर याच क्षेत्रात त्यांनी संशोधन विस्तारले. १९८९ साली ते तिचे संचालक झाले, तर १९९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना लाभले.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, पदवीने पाया मिळतो, पीएच.डी.ने शिस्त लागते आणि पीएच.डी.-उत्तर संशोधनात स्वतःचा प्रश्न निवडण्याचे धैर्य येते. हा तिसरा टप्पा वगळल्यास संशोधक मार्गदर्शकाच्याच विषयात अडकून पडण्याचा धोका संभवतो. मात्र तिथवर पोहोचण्यासाठी पहिल्या पायरीवरच आधार मिळणे आवश्यक असते. दरमहा ६० रुपयांअभावी ही संपूर्ण वाटचाल आरंभीच खुंटली असती, ही बाब शिष्यवृत्तीचा विचार करताना विसरता येत नाही.