डेटावर संशय घेणारा शास्त्रज्ञ

स्किझोफ्रेनिया घराण्यात उतरतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. कोणत्या जनुकांमुळे, हे ठाऊक नव्हते. 2009 साली हजारो रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या जीनोमची तुलना झाली, तेव्हा एक ठळक खूण सहाव्या गुणसूत्रावर सापडली, तीही रोगप्रतिकारशक्तीच्या जनुकांची दाटी असलेल्या भागात. तिथली जनुके एकगठ्ठा वारशाने येत असल्याने नेमके कोणते जबाबदार, हे कळेना. हा गुंता बऱ्याच अंशी सुटायला 2016 साल उजाडले. अमेरिकेत स्टीव्ह मॅकॅरॉल यांच्या गटाने, ज्यात आश्विन सेकर हे शोधनिबंधाचे पहिले लेखक होते, ‘सी-फोर’ या जनुकाकडे लक्ष वळवले. त्याच्या प्रती माणसागणिक कमी-जास्त असतात. काही आखूड, काही लांब, आणि लांब प्रतीत एका प्राचीन विषाणूचा तुकडा घुसलेला. नेहमीच्या जनुकीय चाचणीच्या चिपला हा फरक दिसतच नाही. म्हणून गटाने आधी मोजक्या कुटुंबांत या प्रती प्रत्यक्ष मोजल्या, प्रत्येक रचनेच्या आसपास डीएनएची कोणती अक्षरे हमखास आढळतात ते नोंदवले आणि या शेजारखुणांवरून सुमारे 65,000 लोकांच्या सी-फोरची रचना गणिताने ओळखली. ज्या रचनेमुळे मेंदूत सी-फोरचा ‘सी-फोर-ए’ हा प्रकार जास्त तयार होतो, तिच्यासोबत आजाराचा धोकाही वाढलेला दिसला.

या शोधातली निर्णायक पायरी कोणती, यावर माझे सगळे म्हणणे उभे आहे. माझ्या मते ती पायरी म्हणजे ही आकडेमोड. कुणी म्हणेल, खरा पुरावा उंदरांत मिळाला. सी-फोर नसलेल्या उंदरांत वाढीच्या काळात चेतापेशींमधल्या जोडांची छाटणी कमी झाली, त्यामुळे या जनुकाचे काम कळले. आक्षेप रास्त आहे. नुसत्या आकडेमोडीने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण उंदरातून हजारो जनुकांपैकी कोणते काढून पाहायचे, हे उंदीर सांगत नाही. शिवाय या रचनांमुळे एखाद्या व्यक्तीचा धोका थोडाच वाढतो. इतका बारीक फरक एका दवाखान्याच्या रुग्णसंख्येत दिसणारच नाही. तो दिसावा म्हणून अनेक देशांतली माहिती एका मापात आणावी लागते. कोणत्या प्रयोगशाळेची चिप वेगळी होती, कोणत्या गटातली माणसे एकमेकांची नातेवाईक निघाली, कोणाचे पूर्वज कुठले, हे आधी निस्तरावे लागते. बायोइन्फॉर्मेटिक्सचा, म्हणजे जीवशास्त्रीय माहितीच्या संगणकीय विश्लेषणाचा माणूस हेच करतो. प्रश्न दुसऱ्याने विचारला आणि याने फक्त सॉफ्टवेअर चालवले, अशी वाटणी इथे करताच येत नाही.

ही छाननी झाली नाही तर काय होते, याचा दाखला नैराश्याच्या संशोधनात आहे. 2003 साली सेरोटोनिनच्या वाहतुकीशी संबंधित एका जनुकाचा आखूड प्रकार आणि आयुष्यातले ताणाचे प्रसंग मिळून नैराश्य वाढवतात, असा शेकडो लोकांवरचा अभ्यास गाजला. त्यामागून असंख्य शोधनिबंध आले. 2019 साली अशा 18 बहुचर्चित जनुकांची लाखो लोकांच्या माहितीवर तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी एकाचाही खास संबंध दिसला नाही. किती संशोधकांची उमेदीची वर्षे त्यात गेली असतील, या विचाराने मन खट्टू होते. चुका याहून क्षुल्लक ठिकाणीही दडतात. सेप्टिन-2 या जनुकाचे जुने संक्षिप्त नाव एक्सेलमध्ये टाकले की तिथे गुपचूप 2 सप्टेंबर ही तारीख उमटे. 2016 च्या एका पाहणीत एक्सेलमधल्या जनुक-याद्या जोडलेल्या सुमारे एक-पंचमांश शोधनिबंधांत असे बिघाड सापडले, आणि 2020 मध्ये अशा जनुकांची नावेच बदलल्याचे जाहीर झाले.

2016 मध्येच एका प्रतिष्ठित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकीयात दुसऱ्यांच्या डेटावर काम करणाऱ्यांसाठी ‘संशोधनातले परोपजीवी’ हा शब्दप्रयोग आला. रुग्णांशी वर्षानुवर्षे नाते जोडून माहिती गोळा करणाऱ्याचे श्रम मोठे आहेत आणि त्यांचे श्रेय त्यालाच मिळायला हवे, याबद्दल वाद नाही. पण रुग्ण रक्त देतो ते उत्तर मिळावे म्हणून. तोच डेटा परकी नजर पुन्हा तपासते, तेव्हाच मूळ निष्कर्षाची परीक्षा होते. आता हे काम यंत्रच करील, असेही म्हटले जाते. कोड लिहिणे सोपे झाले, हे खरे. मात्र चेतापेशींचा एखादा नवा गट पडद्यावर दिसला, तर तो खराच नवा आहे की नमुना गोठवताना झालेल्या बिघाडाचा परिणाम, हे ठरवायला मेंदूही कळावा लागतो आणि संख्याशास्त्रही.

आपल्याकडे हा प्रश्न आता दारात आहे. पुणे विद्यापीठात बायोइन्फॉर्मेटिक्सचे केंद्र 1987 पासून आहे, म्हणजे या विषयाचे शिक्षण महाराष्ट्राला नवे नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राच्या समन्वयाने ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प झाला आणि सुमारे 10,000 भारतीयांचे जीनोम 2025 च्या जानेवारीत फरिदाबादच्या डेटा केंद्रातून संशोधकांना खुले झाले. जगातले बहुतांश जनुकीय अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले असल्याने त्यांतून काढलेले धोक्याचे आकडे इतरांना तितकेसे लागू पडत नाहीत. म्हणून या साठ्याचे मोल फार आहे. तो वापरायला लागणारी माणसे प्रकल्पाच्या मुदतीपुरती नेमायची आणि निबंधाच्या शेवटी त्यांचे आभार मानायचे, ही रीत सोडावी लागेल. एखादी चुकीची खूण वेळीच पकडली, तर त्यातून नवा शोधनिबंध निघतोच असे नाही, आणि बढतीच्या अर्जात त्यासाठी रकाना नसतो. तो रकाना असावा, आणि विद्यापीठांत व रुग्णालयांशी जोडलेल्या संस्थांत या लोकांसाठी कायमची पदे असावीत, प्रश्न ठरवण्याच्या अधिकारासह.