कंपासपेटीतली पट्टी आणि पहिली मॅक्रो लेन्स

मॅक्रो लेन्स घ्यायचं मनात आलं, की दुकानात जाण्याआधी घरातल्या शाळकरी पोराची कंपासपेटी उघडा आणि तिच्यातली १५ सेंटिमीटरची पट्टी काढून घ्या. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स ५५वर लावा, फोकस होतंय तोवर पट्टीच्या जवळ सरकत जा आणि फोटो काढा. आता फोटोच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत किती मिलिमीटर मावले ते मोजा. बहुतेक साठच्या आसपास भरतील.

हौशी कॅमेऱ्यांतला एपीएस-सी सेन्सर असतो साधारण २३.५ मिलिमीटर रुंद (कॅननचा किंचित लहान, २२.३). म्हणजे साठ मिलिमीटरची पट्टी तुम्ही साडेतेवीस मिलिमीटरमध्ये बसवली. प्रतिमा मूळ वस्तूच्या एकतृतीयांशाहून थोडी मोठी झाली. खरी मॅक्रो लेन्स हेच प्रमाण एकास एक करते: वस्तू जेवढी, तेवढीच तिची सेन्सरवरची प्रतिमा. पाच रुपयांचं जुनं नाणं २३ मिलिमीटरचं आहे. एकास एक प्रमाणात ते साडेतेवीसच्या चौकटीत आडवं जेमतेम मावतं आणि वरखाली कापलं जातं, कारण सेन्सरची उंची फक्त साडेपंधरा मिलिमीटरच्या आसपास असते.

हे प्रमाण लेन्सच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. ते वाचायचं, नळीवर छापलेला ‘मॅक्रो’ हा शब्द वाचायचा नाही. ७०-३०० झूमवरही तो दिमाखात छापलेला असतो आणि आत प्रमाण असतं एकास दोन. कॅननच्या आरएफ ३५ आणि ८५ यांच्या नावातही ‘मॅक्रो’ आहे, पण त्याही अर्ध्यावरच थांबतात. निकॉनवाले उलटे: अस्सल एकास एक लेन्सलाही ते ‘मायक्रो’ म्हणतात.

आता गोंधळाची जागा. बाजारात ४० मिमीची मॅक्रो मिळते, ६०ची मिळते, १०५ची मिळते. नवख्याला वाटतं, १०५ची लेन्स जास्त मोठं दाखवत असणार. तसं नाही. तिन्ही एकास एकच आहेत आणि मुंगी तिन्हींत तेवढीच दिसते. फरक पडतो तो मुंगी आणि काच यांच्यामध्ये उरणाऱ्या जागेत.

माहितीपत्रकातलं ‘किमान फोकस अंतर’ इथे फसवतं. ते मोजतात सेन्सरपासून. कॅमेऱ्याच्या डोक्यावर आडवी रेघ मारलेलं एक छोटं वर्तुळ असतं, ती सेन्सरची जागा. तिथून मोजलेल्या अंतरात कॅमेऱ्याची जाडी आली आणि लेन्सची अख्खी लांबीही आली. आपल्या कामाचं अंतर म्हणजे लेन्सच्या तोंडापासून किड्यापर्यंतचं. निकॉनच्या ४०चं किमान अंतर कागदावर १६.३ सेंटिमीटर आहे, पण एकास एकला तोंडापुढे उरतात जेमतेम साडेतीन. ६०ला पाच उरतात. १०५ला उरतात पंधरा, म्हणजे आपली कंपासपेटीतली पट्टी अख्खी मावते.

साडेतीन सेंटिमीटर म्हणजे दोन बोटं. मी पहिल्यांदा ४०चीच घेतली होती, स्वस्त आणि हलकी म्हणून. शेततळ्याच्या काठी सकाळी गवताच्या पात्यावर एक टाचणी बसली होती. टाचणी म्हणजे चतुराची सडपातळ बहीण. पोटावर सरपटत दोन बोटांच्या अंतरावर पोचलो. पहिल्या फोटोत टाचणीवर माझ्याच लेन्सची काळी सावली आली, दुसऱ्यात नुसतं पातं आलं. त्या लेन्सचा यात काही दोष नव्हता. नाणी, दागिने, पोस्टाची तिकिटं, टेबलावर ठेवलेलं फूल यांच्यासाठी ती झकास आहे. जिवंत आणि पळणाऱ्या गोष्टींना जागा लागते.

१०५च्या पुढे १५० आणि १८०च्या लेन्स आहेत. अंतर आणखी मिळतं, पण वजन किलोच्या वर जातं. सिग्माची १८० तर दीड किलोच्याही पुढे. पहिल्या लेन्ससाठी मी त्यांच्या वाटेला जाणार नाही.

शिवाय तुम्हाला काय टिपायचंय ते प्रामाणिकपणे ठरवा. नीलवंत, म्हणजे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, पंख पसरून बारा ते पंधरा सेंटिमीटर भरतं. त्याला एकास एक लागतच नाही, लागतं ते लांबून टिपणं, आणि ते ७०-३०० उत्तम करते. याउलट कासच्या पठारावर ड्रॉसेरा म्हणजे दवबिंदू दिसला आणि त्याच्या केसांच्या टोकावरचा चिकट थेंब हवा असेल, तर मॅक्रोला पर्याय नाही.

पट्टीचा शेवटचा उपयोग. मॅक्रो लेन्स हाताशी असेल (मित्राची मागून आणा), तर पट्टी टेबलावर पंचेचाळीस अंशांत तिरकी टेकवा आणि एकास एकला, छिद्र एफ/८ ठेवून फोटो घ्या. एखादीच रेघ स्पष्ट येईल, आगेमागे सगळं धूसर. एपीएस-सीवर स्पष्टतेची खोली इथे एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते, आणि लेन्स ४०ची असो वा १०५ची, ती तेवढीच राहते. म्हणून ऑटोफोकसवर फार अवलंबून राहता येत नाही. फोकस एका जागी ठेवायचं, श्वास रोखायचा आणि स्वतःच इंचभर पुढेमागे डुलत डोळा स्पष्ट दिसला की बटण दाबायचं. किड्याचा डोळा, तुमचा नव्हे.

छिद्र लहान करून खोली वाढवावी, तर प्रकाश आटतो. त्यात एकास एकला लेन्स सेन्सरपासून इतकी लांब जाते, की एफ/८ची लेन्स प्रत्यक्षात एफ/१६सारखी वागते, म्हणजे चौथाईच प्रकाश पोचतो. स्टॅबिलायझेशनही इतक्या जवळ लंगडं पडतं. उपाय एकच, फ्लॅश. कमी ताकदीवर तो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ चमकतो आणि हाताची थरथर, वाऱ्याची झुळूक दोन्ही गोठवतो. मात्र उघडा फ्लॅश किड्याच्या पाठीवर पांढरा डाग पाडतो. त्याच्यासमोर बटर पेपरचा पडदा लावा, दुकानातल्या डिफ्यूजरइतकंच काम होतं. लेन्सच्या खर्चात हा फ्लॅश आधीच धरा.

खिसा हलका असेल तर एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. नुसती पोकळ कडी, आत काच नाही. हिशेब तोंडी होतो: कडीची लांबी भागिले लेन्सचे मिलिमीटर, तेवढं प्रमाण वाढतं. ५० मिमीच्या लेन्सला २५ची कडी लावली की अर्ध्याची भर. फक्त विजेचे संपर्क असलेलीच घ्या, नाहीतर आजच्या बहुतेक लेन्सचं छिद्र कॅमेऱ्यातून बदलता येत नाही.

जुनी लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून आत टाका आणि पुढून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती हटकून धरते. कितीही स्वस्त असली तरी ती लेन्स परत ठेवा. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० वर्गातला कॅमेरा असेल तर आणखी एक पाहा. या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नाही, त्यामुळे टोकिनाच्या जुन्या १००सारख्या लेन्स त्यांच्यावर हातानेच फोकस कराव्या लागतात. अर्थात मॅक्रोत तसंही तेच करायचंय, म्हणून भाव पाडून घ्यायला हे चांगलं कारण आहे.

माझं मत विचाराल तर किडे, कोळी, रानफुलं यांच्यासाठी ९० ते १०५मधली कुठलीही एकास एक लेन्स घ्या, टॅमरॉनची, कॅननची, निकॉनची, जी तुमच्या कॅमेऱ्याला बसेल ती. जुनी मिळाली तर जुनी घ्या आणि वाचलेल्या पैशात फ्लॅश घ्या.