एका रांजणखळग्याचे तीन परवाने

निघोजच्या रांजणखळग्यांचा माझा पहिला फोटो २००६ च्या मे महिन्यातला. कुकडीचं पात्र कोरडं होतं, काळा कातळ पाय ठेवू देत नव्हता. मळगंगेच्या देवळाकडून खाली उतरलो आणि एका खळग्याच्या काठावर शाळेतून आणलेली लाकडी फूटपट्टी ठेवली. खळगा केवढा हे फोटोत कळायला दुसरं काही हाताशी नव्हतं. तळाशी तीन गुळगुळीत गोटे होते. खळग्याचे खरे कारागीर तेच. पुराच्या भोवऱ्यात सापडले की जात्यासारखे गरगरतात आणि खडक दळत राहतात. पाठ्यपुस्तकात हे समजावायला एक छोटी रेखाकृती असे. ती पाहून मुलं दरवर्षी विचारायची, "सर, ही विहीर आहे का?" फोटो दाखवल्यावर तो प्रश्न बंद झाला.

नववीच्या भूगोलासाठी काढलेला तो फोटो भाच्याने त्याच सुट्टीत फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर चढवला. तिथे एक यादी उघडली. सर्वांत वर 'सर्व हक्क राखीव', खाली क्रिएटिव्ह कॉमन्सचे सहा परवाने. द्यायची इच्छा होती आणि देववतही नव्हतं. त्यामुळे सहांतला सर्वांत कंजूष परवाना मी निवडला: नाव द्या, विकू नका, फोटोला हात लावू नका. पुढच्या काही वर्षांत त्याच फोटोचा परवाना मी दोनदा सैल केला. दिलेली मोकळीक मागे घेता येत नाही, आणखी सैल मात्र करता येते. का केला, त्याचा हा हिशेब.

आधी या परवान्यांचं मूळ. १९९८ साली अमेरिकेने प्रताधिकाराची मुदत आणखी २० वर्षांनी वाढवली. एरिक एल्ड्रेड नावाचा गृहस्थ मुदत संपलेली जुनी पुस्तकं इंटरनेटवर फुकट ठेवत असे. त्याचा रस्ताच अडला. तो कोर्टात गेला. वकील होते कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग. जानेवारी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन मतांनी ते हरले. पण निकालाच्या महिनाभर आधी, १६ डिसेंबर २००२ ला, याच मंडळींनी क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने जाहीर केले होते. कायदा बदलत नाही ना, मग ज्याचा हक्क आहे त्यानेच आपण होऊन थोडा सोडावा, अशी ती युक्ती. २००४ मध्ये फ्लिकरने हे परवाने घेतले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात विकिपीडियाला फोटो पुरवणारं विकिमीडिया कॉमन्स सुरू झालं. खटला हरलेल्या माणसांचं काम जिंकलेल्यांपेक्षा जास्त टिकलं, असं माझं मत आहे.

आपल्याकडे १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे बटण दाबताक्षणी फोटोवर हक्क लागतो, नोंदणी लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटो काढणाऱ्याच्या हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं तो टिकतो. वर्गात शिकवताना दुसऱ्याचा फोटो दाखवायला कलम ५२ मध्ये सवलत आहे. पण तोच फोटो पुस्तिकेत छापून तालुकाभर वाटायचा म्हटलं की प्रश्न येतो, आणि शिक्षकाचं बरंचसं काम वर्गाच्या भिंतीपलीकडेच चालतं.

पहिला धक्का नंदुरबारकडच्या एका जिल्हा परिषद शिक्षकाने दिला. त्याने पत्रातून विचारलं, "तुमच्या फोटोवर बाण काढून 'भोवरा', 'गोटे', 'झिजलेला काठ' असं लिहून इतर शाळांना दिलं तर चालेल का?" मी आनंदाने हो म्हणालो. नंतर लक्षात आलं की माझ्या परवान्यात नेमकी यालाच बंदी होती. शिक्षक फोटोशी जे जे करतो, म्हणजे कापणं, बाण काढणं, नावं लिहिणं, ते सगळं मी 'हात लावू नका' म्हणून अडवून ठेवलं होतं. ज्याला पत्ता सापडला त्याने विचारलं; बाकीचे गप्प निघून गेले असतील. ती अट काढली.

दुसरी अट जायला जास्त वेळ लागला. 'विकू नका' ही अट मला अगदी नैतिक वाटायची. आपण फुकट द्यायचं आणि दुसऱ्याने पैसे करायचे? एमआयटीने २००१ साली आपले सगळे अभ्यासक्रम खुले करायचं जाहीर केलं, तेही पुढे बिगरव्यापारी अटीवरच दिले, त्यामुळे मला बळ होतं. मग एका गावातल्या विज्ञान मंडळाने नदीवर पुस्तिका काढली, किंमत १५ रुपये, छपाईचा खर्चही निघेना. त्यांनी माझा फोटो गाळला, कारण १५ रुपये म्हणजे विक्रीच. विकिमीडिया कॉमन्सही ही अट असलेला फोटो घेत नाही. म्हणजे मराठी विकिपीडियावर रांजणखळग्यांबद्दल कोणी लिहायला बसलं तर माझा फोटो डोळ्यांना दिसणार, पण लेखात लावता येणार नाही. ज्यांना अडवायचं ते प्रकाशक एरवीही अडत नव्हते; अडत होते ते सज्जन. शेवटी नाव द्या आणि बदल केलात तर तोही याच अटीवर पुढे द्या, एवढंच ठेवलं.

न अडणाऱ्यांचा अनुभव लवकरच आला. एका गाईडमध्ये माझा फोटो छापून आला. फूटपट्टीवरचे आकडे उलटे, म्हणजे फोटो आरशातल्यासारखा फिरवलेला. खाली 'महाबळेश्वर येथील दृश्य'. नाव अर्थातच नाही. फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "सर, नेटवर होता ना." पैसे मागायचा प्रश्नच नव्हता, विकायची मुभा मीच दिली होती. नाव गेल्याचंही दुःख फार टिकलं नाही. कुकडी महाबळेश्वरला नेली, ते मात्र सहन झालं नाही. नाव देण्याची अट आम्ही मानपानासाठी घालतो असं लोकांना वाटतं. नावाच्या दोऱ्याने मूळ नोंदीपर्यंत जाता येतं, आणि जागा, तारीख, दिशा तिथे असते. दोरा तुटला की फोटो बेवारस. व्हॉट्सअॅपवर फिरणारे 'सौजन्य : इंटरनेट' हे फोटो असेच बेवारस.

मुलांचे फोटो ही माझी स्वतःची चूक. सहलीत कातळावर बसलेले विद्यार्थी, हसरे चेहरे, असे चाळीसेक फोटो मी त्याच मोकळ्या परवान्यावर ठेवले होते. २००७ मध्ये एक प्रकरण गाजलं. टेक्सासमधल्या एका शाळकरी मुलीचा फोटो तिच्या ओळखीच्या माणसाने फ्लिकरवर मुक्त परवान्याने ठेवला होता. ऑस्ट्रेलियातल्या एका मोबाइल कंपनीने तो टवाळीच्या ओळीसह अॅडलेडच्या बसथांब्यावर झळकवला. घरचे कोर्टात गेले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: परवाना मी माझ्या हक्काचा देतो, फोटोतल्या पोराच्या चेहऱ्याचा नाही. चाळीसही फोटो काढून टाकले. २०१९ मध्ये उघड झालं की आयबीएमने चेहरे ओळखणाऱ्या संशोधनासाठी फ्लिकरवरचे सुमारे १० लाख मुक्त फोटो वापरले होते. ते वाचून त्या डिलीटबद्दल उरलीसुरली हळहळही गेली.

मोठ्या संस्थांची कथा थोडक्यात. जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २००८ च्या अखेरीस ८० हजारांवर जुने फोटो कॉमन्सला दिले आणि बदल्यात वाचकांकडून आपल्याच नोंदींतल्या चुका दुरुस्त करून घेतल्या. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७ मध्ये पावणेचार लाख प्रतिमा कोणत्याही अटीविना खुल्या केल्या. आपल्याकडे २०१३ हे वर्ष चांगलं गेलं: केंद्राचं मुक्त शैक्षणिक साधनांचं राष्ट्रीय भांडार सुरू झालं, गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याने दिला. २०१५ मध्ये प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आलं. त्यातल्या गोष्टी आणि चित्रं घेऊन कोणीही नवं पुस्तक करावं. आणि पुण्यात आयुकाच्या विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊतून खेळणी करण्याचे टप्प्याटप्प्याचे फोटो आणि शेकडो पुस्तकं लोकांपुढे मोकळी ठेवली.

बालभारतीवर मात्र माझा राग आहे, आणि तो प्रेमातला आहे. पुस्तकांच्या पीडीएफ कोणालाही उतरवता येतात, ही मोठी सोय. पण आत सर्व हक्क राखीव, लेखी परवानगीशिवाय काही उद्धृत करू नये अशी सूचना. म्हणजे फुकट आहे, मुक्त नाही. लोकांच्या पैशातून काढलेलं पानाच्या कडेचं शेताचं चित्रसुद्धा शिक्षकाने आपल्या पुस्तिकेत घ्यायचं म्हटलं तर अर्ज करायचा.

२०१२ च्या सप्टेंबरात विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स ही स्पर्धा भारतात पहिल्यांदा झाली. गड, लेणी, देवळं यांचे फोटो लोटले, मीही शिवनेरीचे दहा चढवले. काही दिवसांनी एका मुलीला पेरणीची 'तिफण' दाखवायची होती. कॉमन्सवर देवनागरीत शोधलं, काही मिळालं नाही. इंग्रजीत शोधल्यावर पेरणीयंत्रं दिसली, पण ती पंजाबातल्या ट्रॅक्टरमागची. आम्ही सगळे बुरुजांवर कॅमेरे रोखून बसलो होतो आणि गोठ्यातल्या वस्तूकडे पाठ होती. शेवटी ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या माळ्यावरून तिफण उतरवली. धूळ पुसली. चाडं, नळे, फण प्रत्येक वेगळं, जवळून, शेजारी तीच फूटपट्टी. खाली मराठीत नावं, गाव, तारीख, आणि बी चाड्यातून नळ्यात कसं पडतं ते चार ओळींत. परवाना निवडायला क्षणभर लागला, त्या चार ओळींना अख्खी दुपार. पण 'तिफण' शोधणाऱ्या पुढच्या मुलीला तो फोटो सापडणार होता तो त्या चार ओळींमुळेच.

निघोजच्या फोटोखाली आज मराठी, हिंदी आणि इंग्रजीत मजकूर आहे. चौथी नोंद कोणीतरी तेलुगूत घातली आहे. मला ती वाचता येत नाही.

तुमच्या माळ्यावर तिफण असेल तर खाली उतरवा. चाड्याचा फोटो जवळून घ्या, शेजारी पट्टी ठेवा, आणि नळ्याला तुमच्या गावात काय म्हणतात ते खाली लिहायला विसरू नका.